फेब्रुवारीचे तीनशे रुपये

पुण्यात पहिली नोकरी लागली तेव्हा पगाराइतकंच सॅलरी स्लिपचंही अप्रूप होतं. पीएफ, घरभाडे भत्ता, टीडीएस अशा एकेका ओळीचा अर्थ मी गुगलवर शोधत बसायचो. त्यात एक बारकी ओळ होती, 'प्रोफेशनल टॅक्स २००'. दर महिन्याला दोनशे. फेब्रुवारीच्या स्लिपवर मात्र तिथे ३०० आले. आमच्या धंद्याच्या सवयीप्रमाणे मला आधी वाटलं, पेरोल सॉफ्टवेअरमध्ये बग आहे. शेजारच्या सिनियरला विचारलं, तर तो म्हणाला, "सगळ्यांचेच जातात रे. फेब्रुवारीत शंभर जास्त." का, ते त्यालाही माहीत नव्हतं.

तो बग नव्हता. अकरा महिने दोनशे म्हणजे २२०० आणि एक महिना तीनशे, एकूण २५००. राज्यघटनेच्या कलम २७६ नुसार व्यवसाय कर म्हणून एका माणसाकडून वर्षाला यापेक्षा जास्त घेता येत नाही. घटना लागू झाली तेव्हा ही मर्यादा २५० रुपये होती. १९८८ मध्ये साठाव्या घटनादुरुस्तीने ती २५०० झाली आणि तेव्हापासून तिथेच आहे.

हा कर महाराष्ट्रात मुळात आलाच का, ते वाचल्यावर मात्र मी थोडा वेळ गप्प बसलो. तो १९७५ मध्ये रोजगार हमी योजनेसाठी लावला गेला. शहरात नोकरी-धंदा करणाऱ्याने पगारातून थोडे पैसे द्यायचे आणि त्यातून खेड्यात काम मागणाऱ्याला काम मिळायचं.

आमचं गाव सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरडवाहू पट्ट्यात. आजी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची. पुढेही कितीतरी उन्हाळे ती 'हमीवर' गेली. आमच्याकडे रोजगार हमीवर जाण्याला एवढंच म्हणतात. 'हमी' या शब्दाचा अर्थ काय, ती कोणी कोणाला दिली होती, हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. या लेखात मी तेच शोधायचा प्रयत्न केला आहे.

*

आधी बहात्तर.

सलग दोन-तीन वर्षं पावसाने ओढ दिली होती आणि १९७२ मध्ये तो जवळपास आलाच नाही. राज्याच्या मोठ्या भागात खरीप गेलं, रब्बी गेलं, विहिरी तळाला गेल्या. सरकारने ठिकठिकाणी दुष्काळी कामं काढली. रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग, बांधबंदिस्ती आणि सगळ्यात जास्त आठवणीत राहिलेलं काम म्हणजे खडी फोडणं. १९७३ च्या मे महिन्यात या कामांवर सुमारे पन्नास लाख माणसं होती.

आजी सांगते, "तुझा बाप दीड वर्षाचा. बाभळीला झोळी बांधायची, त्यात त्याला टाकायचा आणि घमेलं उचलायचं. सुकडी मिळायची. मिलोची भाकरी कडू लागायची, पण ती तरी होती." मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. त्या पिढीतल्या कुणालाही विचारा, सुकडी आणि मिलो हे दोन शब्द निघतातच.

दुष्काळात सरकारने कामं काढायची ही पद्धत नवी नव्हती. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर इंग्रजांनी दुष्काळ संहिता तयार केल्या. टंचाई कधी जाहीर करायची, कामं कुठे काढायची, मजुरी किती द्यायची, सगळं त्यात लिहिलेलं असे आणि जबाबदारी जिल्ह्याच्या कलेक्टरवर. स्वातंत्र्यानंतर नावं आणि नियम बदलले, पण गाभा तोच राहिला. आधी पैसेवारी लागणार, ती पन्नासच्या आत आली तर टंचाई जाहीर होणार, मग काम निघणार. म्हणजे तुझ्या घरात दाणा आहे की नाही, हे कचेरीत ठरणार.

शिवाय अशी कामं पाऊस पडला की बंद व्हायची. पण भूमिहीन मजुराला किंवा दोन एकर खडकाळ जमीन असलेल्याला प्रत्येक वर्षीच थोडा दुष्काळ असतो. सुगी संपल्यापासून मृगापर्यंतचे चार महिने त्याच्या हाताला काम नसतं. त्या रोजच्या दुष्काळाचं काय?

*

हा प्रश्न वि. स. पागे यांनी बहात्तरच्या बऱ्याच आधी धरून ठेवला होता. पागे आमच्याच जिल्ह्यातले, तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. १९६० पासून १९७८ पर्यंत ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. साठच्या दशकाच्या मध्यावर त्यांनी आपल्याच भागात एक प्रयोग करून पाहिला. गावातल्या ज्याला अंगमेहनतीचं काम हवं आहे त्याला गावाजवळच काम द्यायचं आणि तेही जमीन-पाणी सुधारेल असं. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९७२ मध्ये योजना राज्यासाठी आली. लगेच दुष्काळ पडल्यामुळे ती बाजूला ठेवून दुष्काळी कामं चालवावी लागली आणि दुष्काळ ओसरल्यावर पुन्हा सुरू झाली. १९७७ मध्ये विधिमंडळाने तिचा कायदा एकमताने मंजूर केला. २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

या कायद्याने एक गोष्ट उलटी केली. काम कधी निघणार हे आता पैसेवारीवर नव्हतं, अर्जावर होतं. ग्रामीण भागातल्या कोणत्याही प्रौढ माणसाने काम मागितलं की पंधरा दिवसांत ते द्यायचं. देता आलं नाही तर दिवसाला किमान एक रुपया बेकारी भत्ता द्यायचा. हुकमाची दिशाच बदलली. आधी सरकार सांगणार आणि मजूर येणार. आता मजूर सांगणार आणि सरकारला यावं लागणार.

पण मला या इतिहासात सर्वात महत्त्वाचं वाटलं ते पैशाचं गणित.

आपल्या घटनेत केंद्राने काय करायचं आणि राज्याने काय करायचं याच्या याद्या आहेत. 'रोजगार आणि बेरोजगारी' हा विषय समवर्ती सूचीत, म्हणजे दोघांच्याही यादीत आहे. तेविसावी नोंद. कलम ४१ म्हणतं की राज्यसंस्थेने आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत कामाचा हक्क मिळवून द्यावा, पण हे मार्गदर्शक तत्त्व आहे, त्यासाठी कोर्टात जाता येत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर एकच तिकीट दोन टीमना असाइन केलेलं आहे आणि डेडलाइन लिहिलेली नाही. अशा तिकिटाचं काय होतं हे नोकरीत सहा महिने काढलेल्या कुणालाही विचारा.

महाराष्ट्राने ते तिकीट स्वतःच्या नावावर घेतलं. आणि नुसतं घेतलं नाही, त्याचे पैसेही उभे केले. घटनेने राज्यांना दिलेला व्यवसाय कर लावला. वाहनांवर, विक्रीकरावर, बागायती जमिनीवर अधिभार लावले. शहरातल्या मालमत्तांवर रोजगार हमी उपकर लावला. या करांतून जेवढे जमतील तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची आणि सगळं रोजगार हमी निधीत जमा करायचं. वचन देणारा, कर घेणारा आणि काम काढणारा एकच होता, मुंबईतलं सरकार. काम मिळालं नाही तर मोर्चा कुठे न्यायचा, याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. तहसील कचेरीवर. तिथे नाही झालं तर कलेक्टर कचेरीवर. आणि मोर्चे निघालेही. शेतमजुरांच्या संघटनांनी काम मागणीचे अर्ज गोळा करून कचेऱ्यांवर धडका मारल्या.

शहरांनी हा कर का सोसला? त्यात माणुसकी होती, पण स्वार्थही होता. दुष्काळात गावं उठली की ती मुंबई-पुण्याच्या फुटपाथवर येतात, हे शहरांनी पाहिलं होतं. गावातच काम मिळालं तर लोंढा थांबेल, हा हिशोब होता. त्यात मला गैर काही वाटत नाही. दोघांचाही फायदा दिसत असेल तर करार टिकतो.

*

करार टिकला, पण झिजत गेला.

पहिली झीज बेकारी भत्त्याची. हा भत्ता म्हणजे सरकारला लागणारा चटका होता, तो बसला तरच सरकार वेळेत काम काढणार. प्रत्यक्षात तो जवळजवळ कधीच दिला गेला नाही. अर्जाची तारीख असलेली पोचच हातात मिळाली नाही तर पंधरा दिवस मोजायचे कुठून? कामाची मागणी तोंडी घेतली, 'बघू, सांगतो' म्हणाले, की घड्याळ सुरूच होत नाही. ज्या सिस्टिममध्ये तक्रारीची नोंदच होत नाही, तिथे तक्रारी शून्य दिसतात.

दुसरी झीज १९८८ नंतर दिसली. त्या वर्षी हमीवरची मजुरी वाढून किमान वेतनाइतकी, म्हणजे जवळपास दुप्पट झाली. ही वाढ न्यायाचीच होती. पण त्यानंतर कामाचे दिवस घटले. अर्थतज्ज्ञांनी आकडे तपासले तेव्हा दिसलं की मागणी कमी झाली नव्हती, कामंच मोजकी काढली जात होती. कायद्यात हमी होती तशीच होती, पण नळ हळूच आवळला गेला होता. नव्वदच्या दशकात तर अशी वेळ आली की योजनेच्या नावाने जमणाऱ्या करांपेक्षा योजनेवरचा खर्च कमी होऊ लागला. पगारातून पैसे कापले जात राहिले, कामं मात्र कमी होत गेली.

त्याच काळात, १९९० पासून, फळबाग लागवड हमीला जोडली गेली. डाळिंब, बोर, आंबा, सीताफळ. कोरडवाहू शेतकऱ्याच्या बांधावर झाडं उभी राहिली आणि अनेकांची घरं त्यावर सावरली. पण ज्याला बांधच नाही, त्या भूमिहीन मजुराला त्यातून मिळालं ते खड्डे खणण्यापुरतं काम.

तिसरी गोष्ट झीज नव्हे, मुळातली उणीव. कामं कोणती काढायची हे पाटबंधारे, बांधकाम, कृषी आणि वन ही खाती ठरवायची. ग्रामपंचायतीचा अधिकार नावापुरता होता. आजी जो रस्ता करायला गेली तो कुठे जातो, हे तिला कुणी विचारलं नव्हतं. ती हसून म्हणते, "आमाला कुठं जायचं हुतं त्या रस्त्यानं?"

*

दिल्लीनेही या काळात रोजगाराच्या योजना काढल्या. १९८९ मध्ये जवाहर रोजगार योजना आली, १९९३ मध्ये रोजगार आश्वासन योजना. पण त्या योजना होत्या, कायदा नव्हे. निधी आला तर काम, संपला तर थांबलं. देशभराचा कायदा व्हायला २००५ उजाडलं. त्या कायद्याच्या चर्चेत महाराष्ट्राचा दाखला सतत येत होता. २ फेब्रुवारी २००६ ला तो २०० जिल्ह्यांत सुरू झाला, १ एप्रिल २००८ पर्यंत सगळ्या ग्रामीण जिल्ह्यांत पोचला आणि २००९ मध्ये त्याला महात्मा गांधींचं नाव मिळालं. हाच मनरेगा.

मनरेगात जबाबदारीची वाटणी फार विचार करून केलेली होती. अकुशल मजुरीचा सगळा खर्च केंद्राचा. साहित्याच्या खर्चात केंद्राचे ७५ टक्के, राज्याचे २५. पण काम वेळेत दिलं नाही तर बेकारी भत्ता मात्र पूर्ण राज्याच्या खिशातून. यातली मेख लक्षात घ्या. राज्याने काम दिलं तर मजुरी दिल्ली देणार, नाही दिलं तर भुर्दंड राज्याला. म्हणजे काम देणंच राज्याच्या फायद्याचं. आणि कामं निवडायचा अधिकार ग्रामसभेला, निम्म्याहून कमी नाही इतक्या खर्चाची कामं ग्रामपंचायतीकडे.

महाराष्ट्राने स्वतःचा कायदा मोडीत काढला नाही, २००६ मध्ये दुरुस्त केला. प्रत्येक कुटुंबाला शंभर दिवसांपर्यंत केंद्राचे पैसे, त्यापुढच्या दिवसांचा भार राज्याचा. कागदावर आजही आपल्या राज्यात हमी शंभर दिवसांची नाही, ३६५ दिवसांची आहे. गावातल्या किती जणांना हे माहीत असेल?

तालुक्याला मात्र एक गंमत राहिली. महाराष्ट्रात हमी पूर्वीपासून महसूल खात्याकडे होती, म्हणून कार्यक्रम अधिकारी तहसीलदार. पण ग्रामपंचायती गटविकास अधिकाऱ्याच्या हाताखाली, म्हणून तो सहकार्यक्रम अधिकारी. जिल्ह्यालाही तसंच, कलेक्टर आणि जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी. एका गाडीला दोन चालक. आणि सगळ्यात खाली, कमी मानधनावर, ग्रामरोजगार सेवक. अर्ज तोच घेणार, मस्टर तोच काढणार आणि शिव्याही तोच खाणार.

*

यातला जो भाग मला सर्वात जवळचा आहे, तो सॉफ्टवेअरचा.

हजेरीपट भरला, कामाचं माप झालं की मजुरीचा आदेश ऑनलाइन तयार होतो. तिथपर्यंतचा टप्पा राज्याचा. त्यानंतर पैसे मजुराच्या खात्यात टाकणं हा दुसरा टप्पा, तो केंद्राचा. कायदा सांगतो की पंधरा दिवसांत मजुरी मिळाली पाहिजे. नाही मिळाली तर सोळाव्या दिवसापासून रोज ०.०५ टक्के दराने भरपाई. ही भरपाई सिस्टिम आपोआप मोजायची. पण ती मोजायची फक्त पहिल्या टप्प्यातला उशीर. आदेश वर गेला की घड्याळ थांबायचं. पुढे पैसे दोन महिने अडकले तरी स्क्रीनवर उशीर शून्य.

कोड लिहिणाऱ्याला मी दोष देत नाही. त्याला जी रिक्वायरमेंट मिळाली असेल, ती त्याने बांधली असेल. पण घड्याळ कुठे थांबवायचं, हे ठरवणं हाच जबाबदारीच्या वाटणीचा निर्णय असतो आणि इथे तो संसदेत चर्चा न होता एका रिपोर्टच्या हिशोबात होऊन गेला होता. मे २०१८ मध्ये स्वराज अभियानच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मजुराला पंधरा दिवसांत मजुरी मिळण्याचा हक्क आहे. पहिला टप्पा कुणाचा आणि दुसरा कुणाचा, ही भांडणं राज्य आणि केंद्राने आपसात मिटवावीत, मजुराला त्याच्याशी कर्तव्य नाही.

आमच्या भावकीतल्या एका काकूंची मजुरी मागे अशीच अडकली होती. मी गावी गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "तू कंप्यूटरवाला ना, बघ जरा कुठं अडकलंय." मी मोबाइलवर जॉबकार्डचा नंबर टाकून बघितलं. गावातून आदेश गेला होता. ग्रामरोजगार सेवकाला विचारलं तर तो म्हणाला, "आमच्याकडून गेलंय दादा, वर अडकलंय." तालुक्याला विचारलं तर तेही म्हणाले, "वर." मी काकूंना सांगितलं, वर अडकलंय. त्यांनी आभाळाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "पाऊसपण वरच अडकतोय." पैसे नंतर आले. पण आजीच्या काळात कचेरीच्या दारात जाऊन बसता यायचं. काकूंना बसायला दारच उरलं नव्हतं.

२०२२ च्या मार्चमध्ये तर गैरव्यवहाराच्या तक्रारींवरून केंद्राने पश्चिम बंगालचा मनरेगा निधी कलम २७ खाली थांबवला. गैरव्यवहार झाला असेल तर चौकशी व्हायलाच हवी. पण दरम्यान ज्यांनी उन्हात माती उचलली होती, त्यांचीही मजुरी राहिली. जून २०२५ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने १ ऑगस्टपासून योजना पुन्हा सुरू करायला सांगितलं. दोन सरकारांच्या भांडणात तीन वर्षं हमी बंद राहिली.

*

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला, 'विकसित भारत – जी राम जी'. त्यात हमीचे दिवस शंभरावरून १२५ झाले आहेत. पेरणी-कापणीच्या हंगामात शेतीला मजूर मिळावेत म्हणून वर्षातले एकूण साठ दिवस काम बंद ठेवण्याची तरतूद आहे. आणि सर्वात मोठा बदल पैशाच्या वाटणीत आहे. बहुतेक राज्यांसाठी आता केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४०. कोणत्या राज्याला किती निधी द्यायचा हे केंद्र आधी ठरवणार, त्यावर जास्त खर्च झाला तर तो राज्याचा.

दिवस वाढले म्हणून आनंद मानायचा की पैसे बांधले म्हणून काळजी करायची, यावर मित्रांच्या ग्रुपवर बरीच खडाजंगी झाली. मला त्यात जुन्या इतिहासाचा एक धागा दिसतो. १९७७ चा कायदा चालला तोवर चालला, कारण वचन आणि पैसा एकाच हातात होता. मनरेगाने वचन आणि पैसा वेगळे केले, पण भत्त्याच्या भुर्दंडाने त्यांना एकमेकांशी बांधून ठेवलं. आता मागणी वाढली की वाढीव बिल राज्याकडे येणार. अशा वेळी काम मागायला आलेला माणूस राज्याला नागरिक न वाटता खर्च वाटण्याचा धोका आहे. नळ हळूच कसा आवळतात, ते १९८८ नंतर आपण पाहिलंय. श्रीमंत राज्य कदाचित निभावून नेईल. पण हमीची गरज सर्वात जास्त असते ती गरीब राज्यांना, आणि त्यांच्याचकडे चाळीस टक्के नसतात.

केंद्राकडे पैसा आहे, राज्याकडे यंत्रणा आहे आणि पंचायतीला माहीत आहे की कुणाच्या घरात चूल पेटली नाही. तिघांची गरज आहेच. पण जबाबदारी तिघांत वाटली म्हणजे तिघांची होते असं नाही, बऱ्याचदा ती कुणाचीच उरत नाही. म्हणून कोणत्याही रोजगार कायद्याला मी आता एकच प्रश्न विचारतो. काम मागितलं आणि मिळालं नाही, तर कुणाच्या दारात जाऊन बसायचं?

गेल्या वेळी गावी गेलो तेव्हा आजीला सॅलरी स्लिप दाखवली. ती ओळ वाचून दाखवली, कशासाठी कापतात तेही सांगितलं. तिने विचारलं, "वर्षाचे किती?" मी म्हणालो, अडीच हजार. "मग आता हमीवर रोज किती देतात?" २०२५-२६ चा महाराष्ट्राचा दर ३१२ रुपये होता. मी मोबाइलवर भागाकार केला. आठ दिवसांची मजुरी, वर चार रुपये उरतात.

"आठ दिवस," ती म्हणाली. "आठ दिवसांत एका घरचं महिन्याचं धान्य येतं रं." मग थोड्या वेळाने तिने विचारलं, "पण ते पोचतं का?"

त्या एका प्रश्नासाठी मी हा सगळा इतिहास वाचला. उत्तर अजून वरच अडकलं आहे.